रहांगडाले मॅडमचा भाला

माझं पोट कायम दुखतं, असं माझी बायको सुनंदा म्हणते. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नव्हे. शेजाऱ्याच्या बांधीत धान आमच्यापेक्षा चांगलं लोंबलं की ते दुखतं, भाच्याला नोकरी लागली की दुखतं. पण सात वर्षं, दर शनिवारी दुपारी, न चुकता दुखलं ते एकाच माणसामुळं. त्या आमच्या शाळेतल्या रहांगडाले मॅडम. त्यांची बदली होऊन दोन वर्षं झाली. तरी शनिवारची सकाळची शाळा सुटली की मी अजून तलावाकडं न बघता घरी येतो.

आमचं गाव देवरी तालुक्यात, जंगलाला लागून. गावचा तलाव माझ्या खापरपणज्यानं बांधला. हे वाक्य मी नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवतो. आम्ही कोहळी. पाणी कुठं थांबेल हे आमच्या जुन्या लोकांना नुसत्या नजरेनं कळायचं म्हणतात. तलावाच्या मधे एक टेकाड राहून गेलं, त्याचं बेट झालं. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, टोकापासून बेटापर्यंत पाण्याखाली दगडांची ओळ आहे, तिच्यावरून कमरेएवढ्या पाण्यातून चालत जाता येतं. बेटाभोवती गुडघाभर, फार तर मांडीभर पाणी. खाली खडक, कडेनं देवधानाचं गवत. ढिवरांचं जाळं तिथं दगडात अडकून फाटतं, म्हणून ते तिकडं फिरकत नाहीत. मासे हे चांगलं ओळखून असतात.

आणि माझ्या खापरपणज्याच्या बेटावर ठाण मांडलं कुणी, तर तिरोड्याकडच्या एका पोवाराच्या मुलीनं. पोवार म्हणजे धानाची माणसं. त्यांच्या पूर्वजांनी माळव्यातून येऊन जमिनी धरल्या, पाण्याशी त्यांचा संबंध बांधीपुरता. पण ह्या बाईंचं मामाचं गाव वाघ नदीच्या काठावर. तिथं एका म्हाताऱ्या ढिवरानं लहानपणी यांच्या हातात भाला दिला आणि आमच्या नशिबी हे आलं.

जूनमध्ये त्या रुजू झाल्या. नवरा तिरोड्याला नोकरीला, म्हणून इथं एक खोली घेऊन राहायच्या. पहिले सहा महिने कुणाला काही पत्ता नव्हता. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, चष्मा, कानामागं लाल पेन. वह्या तपासून झाल्या तरी ते पेन तिथंच. जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांच्या स्कूटीला एक लांब बांबू बांधलेला दिसला. सव्वीस जानेवारी जवळ आली होती. मी म्हणालो, "मॅडम, झेंड्याची काठी कायले आणली? शाळेत आहे की."

"झेंड्याची नाही जी सर," त्या म्हणाल्या आणि बांबूच्या टोकाचं फडकं सोडलं. आत लोखंडाचे तीन काटे, घासून लखलखीत केलेले, प्रत्येकाला मागं वळलेलं बारीक नख. "बेटाजवळचं पाणी नितळलं. सहा महिने वाट पाहून राहिली होती मी."

त्या आधी परवानगी घेऊन मोकळ्या झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तलाव मच्छीमार सोसायटीकडं आहे आणि सोसायटीत शब्द चालतो तो सोनबा ढिवराचा. सोनबा सत्तरीचा. त्यानं मॅडमना अट घातली, "बेटाच्या सभोवताल मारा. जाळं पडते तेथी नाई. आन मृग लागला का पोळ्यापर्यंत भाला खुटीले." पावसाळ्यात मासे अंडी घालतात, पिल्लं सांभाळतात, म्हणून ही बंदी. मॅडमनी मान डोलावली आणि बदल्यात सोसायटीचे अर्ज लिहून द्यायचं कबूल केलं. मी सोनबाला नंतर विचारलं, की तलाव आमचा, मग मला का नाही विचारलं? तो बिडी विझवत म्हणाला, "पाळ तुमची जी, गुरुजी. मासा तुमचा कधी झाला?"

त्या शनिवारी अर्धं गाव पाळीवर जमलं होतं. मॅडम जुन्या पंजाबी ड्रेसची सलवार गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला टॉवेल बांधून पाण्यात उतरल्या, बेटाजवळ गेल्या आणि उभ्या राहिल्या. नुसत्या उभ्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. लोक कंटाळून बाजाराच्या गोष्टी करायला लागले. मी मोठ्यानं म्हणालो, "मॅडमची पाटी कोरीच राहणार आज." तेवढ्यात त्यांचा हात हलला. फेकला असंही नाही, नुसता पुढं गेला. बांबू थरथरला आणि वर आला तेव्हा काट्यांवर हातभर लांबीची मरळ होती. पाळीवरून टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत सुनंदाही होती.

माझं दुखणं त्या दिवशी सुरू झालं.

मॅडमच्या पद्धती ठरलेल्या होत्या. पाण्यात गेल्यावर लहान मासे येऊन पाय टोचायला लागेपर्यंत भाला उचलायचा नाही. "ते पाय टोचायले लागले का समजायचं, आपण दगड झालो," त्या म्हणायच्या. दोन मासे मिळाले की परत. दोन नेम चुकले तरी परत. मी त्यांचा नेम चुकलेला एवढ्या वर्षांत एकदाच पाहिला आणि त्यावर मी आठवडाभर खूश होतो. गंमत म्हणजे मारलेला मासा त्या त्या दिवशी खायच्या नाहीत. शनिवार मारुतीचा. सगळा मासा वाटून टाकायच्या. एखादा शाळेत भात शिजवणाऱ्या बाईला, एखादा सोनबाकडं, नाहीतर आमच्याकडं. सुनंदा तो शिजवायची आणि पहिल्या घासाला म्हणायची, "मॅडमच्या हाताची मरळ वेगळीच लागते." हात मॅडमचा कसा? शिजवलं कुणी? पण हे मी मनातल्या मनात म्हणायचो आणि दुसऱ्यांदा रस्सा वाढून घ्यायचो.

वर्गातही त्यांची तीच तऱ्हा. एखादं पोर घाईनं चुकीचं उत्तर द्यायला लागलं की म्हणायच्या, "घाई कायले? उत्तर काय बदलीवर चाललं का?" पोरं हसायची आणि नीट विचार करायची. माझ्या वर्गात पोरं हसत नाहीत. माझ्या वर्गात शिस्त असते, असं मी म्हणतो.

आता खरी जखम सांगतो. मी विज्ञान शिकवतो. प्रकाशाचं वक्रीभवन मी वीस वर्षं शिकवत आलोय. पाण्यातली वस्तू असते त्यापेक्षा वर दिसते. त्याची आकृती मी खडूनं अशी काढतो, की केंद्रप्रमुखांनी एकदा फोटो काढून नेला होता. एकदा मी प्रशिक्षणाला गोंदियाला गेलो, तेव्हा माझा तास मॅडमनी घेतला. पोरांना पाळीखालच्या उथळ पाण्यात नेलं, तळाशी एक लाल टिकली लावलेला दगड ठेवला आणि प्रत्येकाच्या हातात काडी देऊन म्हणाल्या, टिकलीला लावा. सगळ्यांच्या काड्या टिकलीच्या वरून पलीकडं गेल्या. मग म्हणाल्या, "दिसते तेथी राहत नाही. जरा खाली मारा." मी परतलो तर सातवीतली एक मुलगी सांगते, "सर, तुमी काढून दाखवला होता ना, तो मॅडमनं करून दाखवला. आता समजला." त्या मुलीचा काही दोष नव्हता. तरी तिला त्या दिवशी मी पाढे लिहायला लावले.

मग मीही भाला करवला. दूरच्या बाजारातल्या लोहाराकडून, गुपचूप. त्याला सांगितलं, काटे एकदम कडक पाहिजेत. त्यानं सांगून पाहिलं, "जादा पाणी पाजलं का लोखंड ठिसूळ होते, गुरुजी." मी म्हटलं, पाज. मी शनिवार सोडून, पाळीवर कुणी नसेल अशा वेळी बेटावर जायचो. वक्रीभवनाची आकृती मला पाठ होती. आणि मासा दिसला की मी नेमका दिसतो तिथं मारायचो. खाली मारायचं हे डोक्याला कळायचं, हाताला कळायचं नाही. तीन हिवाळे गेले. एक मासा नाही. एकदा स्वतःची चप्पल मारली. चपलेला तीन भोकं पडली, तीही नीट एका ओळीत. ती मी गवतात पुरली.

मॅडमना हे माहीत असावं. एकदा शाळेत चहा पिताना, माझ्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "सर, पायाला काही टोचेपर्यंत उभं राहून पाहा. भाला घेऊ नका हातात." मी म्हणालो, "कोण? मी? मला कुठं वेळ आहे!" त्यांनी पुढं काही विचारलं नाही. साधं सांगितलेलंही मला टोमण्यासारखं लागायचं, ह्यात त्यांची काय चूक?

सहाव्या वर्षीचा आषाढ. बंदीचे दिवस. मॅडमचा भाला खुंटीला होता आणि मला वाटलं, आता बेट माझं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर पाऊस उघडला होता. मी आडवाटेनं पाळीच्या टोकाला गेलो आणि बेटावर पोचलो. गवताच्या कडेला पाणी एका जागी बुडबुडत होतं, भाताला आधण आल्यासारखं. जवळून पाहिलं तर लाल, काडीएवढी पिल्लं. शेकड्यानं, एका झुंडीत. श्वास घ्यायला वर यायची, पुन्हा खाली जायची. आणि त्यांच्या खाली, अगदी स्थिर, एक काळा लांब आकार.

ह्या भागातल्या लहान पोराला विचारा, ते सांगेल. मरळ पिल्लांना सोडून हलत नाही. तुम्ही कितीही जवळ गेलात तरी पळत नाही. म्हणूनच पिल्लांवरच्या मरळीला कुणी हात लावत नाही. लावला तर त्याला गावात तोंड राहत नाही. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तो आकार हलत नव्हता, एवढंच मला दिसलं. मी भाल्याचं टोक पाण्यात बुडवून जवळ नेलं, आणखी जवळ नेलं, आणि दाबलं. असा नेम सुनंदासुद्धा मारू शकली असती.

मासा दीड हात होता. आयुष्यातला पहिला. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात पाण्याकडं लक्ष गेलं. पिल्लांची झुंड फुटली होती. ती इकडून तिकडं, तिकडून इकडं पळत होती आणि पुन्हा त्याच रिकाम्या जागेवर येऊन बुडबुडत होती. काठावरच्या सिंदीच्या झाडावरून दोन बगळे उतरले. मी मासा पिशवीत घातला आणि चोरासारखा घरी आलो. पाच वर्षं ज्या माशासाठी जीव टाकला, तो मी वर्तमानपत्रात गुंडाळून आणला. सुनंदाला सांगितलं, देवरीहून एक ओळखीचा येत होता, त्याच्याकडून बाजारचा मागवला.

सुनंदानं शिजवला. आणि सगळ्यांत आधी डबा भरला. "मॅडमच्या घरून आपण किती वेळा खाल्लो. आज डोकं त्यांले देते, त्यांले डोकं आवडते." मी नको म्हणेपर्यंत डबा गेलासुद्धा. माझ्या पहिल्या माशाचं डोकंही त्यांच्याच ताटात!

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंगाड्याच्या वेली बघायला गेलेल्या ढिवरांना बेटावर बगळ्यांची गर्दी दिसली. दुपारी शाळा सुटल्यावर सोनबानं पाळीवरच्या करंजाखाली सगळ्यांना बोलावलं. ढिवरांची पंधरा-वीस घरं, मॅडम आणि गावातला प्रतिष्ठित माणूस म्हणून मी.

"बेटावर जाळं पडत नाई," सोनबा म्हणाला. "मंग भाल्यानंच मारली. मॅडम, गावात भाला तुमचाच हाय. मी आळ घेऊन नाई राहिलो. विचारून राहिलो."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. तोंडाकडं नाही, जरा खाली, छातीपाशी. पाण्यात बघायच्या तशाच बघत होत्या. मला वाटलं, आता बांबू थरथरणार. मी बोलायला हवं होतं, ती वेळ होती. पण माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते लिहायला हात कचरतो, तरी लिहितो. मनात आलं, की आता हिचा भाला जाईल.

"मारली भाल्यानंच," मॅडम म्हणाल्या. "बेटावर भाला मीच आणला. मी नसता आणला तर कुणालेच सुचलं नसतं." त्या खोलीवर गेल्या, भाला घेऊन आल्या आणि सोनबाच्या हातात दिला. सोनबानं तो घेतला. "पोळा झाला का घेऊन जा जी," तो पुटपुटला. त्या म्हणाल्या, "नाही. राहू द्या."

त्यांच्या ह्या मोठेपणाचाही मला राग आला. मी असतो तर नाव घेऊन मोकळा झालो असतो.

घरी येऊन मी माझा भाला पाहिला. मधल्या काट्याचं टोक तुटलं होतं. दगडावर तुटलं असेल, असं मनाशी म्हणून मी तो भाला विहिरीत टाकला.

पुढची दोन वर्षं दर शनिवारी मॅडम बेटावर जात राहिल्या. रिकाम्या हातानं. मला वाटलं होतं, भाला गेला की बेटही सुटेल. पण त्या सलवार दुमडून तशाच पाण्यात उभ्या राहायच्या, तासतासभर. पोरांनी विचारलं तर म्हणायच्या, "भेटायले जाते." कधी पाळीवरून मला दिसायचं, त्या पाण्याकडं बघून हसतायत. पायाला मासे टोचत असणार. एकदा मीही उभा राहून पाहिलं. माझ्याजवळ एकही आला नाही.

मे महिन्यात बदल्या झाल्या. मॅडमना तिरोड्याजवळची शाळा मिळाली. सामान आणि स्कूटी नवरा आधीच घेऊन गेला होता. त्या शाळेचं काम आटोपून दुपारच्या बसनं निघाल्या. थांब्यावर सगळे आले होते. शाळेत भात शिजवणारी बाई रडत होती. सोनबा खुंटीवरचा भाला काढून घेऊन आला होता, फडक्यात नीट बांधून. पण कंडक्टरनं तो पाहिला आणि हात जोडले, "मॅडम, ये भाला-वाला बस में नहीं चलेगा." सगळे हसले. मॅडमही हसल्या.

मग त्यांनी पर्समधून एक स्टीलचा डबा काढला. "भाभी, तुमचा डबा राहूनच गेला होता माझ्याकडं. दोन वर्षं झाली, रागावू नका." सुनंदानं त्यांना कुंकू लावता लावता डबा माझ्या हातात दिला. रिकामा डबा परत करायचा नसतो, हे कुणीही पाळतं. मी सहज झाकण उघडलं. आत मूठभर चिन्नोर तांदूळ होता. तांदळावर नखाएवढं लोखंडाचं टोक होतं, धुऊन, पुसून ठेवलेलं.

ते त्यांना त्या शुक्रवारी रात्रीच्या जेवणात, माशाच्या डोक्यात लागलं होतं. करंजाखाली उभ्या होत्या तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी मान वर केली तेव्हा मॅडम बसमध्ये चढल्या होत्या. सोनबा माझ्या शेजारी उभा होता. त्याचं लक्ष डब्यात होतं. त्यानं आयुष्यभर लोखंड आणि मासे पाहिलेत, त्याला सांगावं लागलं नाही. झाकण लावून टाकता आलं असतं. तो काही बोलला नसता.

"सोनबा," मी म्हणालो, "ती मरळ मी मारली."

"मले कायले सांगता जी?" तो म्हणाला. "तिकडं सांगा."

बस सुरू झाली होती. मी डबा हातात घेऊन तिच्या बाजूनं पळालो, चोपन्न वर्षांचा माणूस, सगळ्या गावासमोर. तांदूळ सांडत होता. "मॅडम! मी मारली होती! मॅडम!" मी ओरडत होतो. कधी नव्हे ते सगळ्या गावानं माझं ऐकलं.

बस पाळीच्या रस्त्याला लागली. मॅडम खिडकीत बसल्या होत्या, चष्मा, कानामागं लाल पेन. मला वाटलं आता वळतील. पण त्यांची मान दुसऱ्या बाजूला होती. बस दिसेनाशी होईपर्यंत त्या बेटाकडं बघत होत्या. माझा आवाज त्यांना गेला की नाही, मला आजवर कळलं नाही. मला त्या दगडांच्या टेकाडाचा अजून हेवा वाटतो.